कपाट घ्यायचंय? मग एवढं कराच

दिवाळीआधी नवं कपाट घ्यायचं असेल, तर इंदूरकरांनो, आधी आजोबांचं सागवानी कपाट भंगारात काढा. रामबागेतल्या वाड्यात त्यात तीन पिढ्यांच्या नऊवाऱ्या मावल्या, वाळवीनं तोंड लावलं नाही, हा काय गुण झाला? जड आहे, जुनाट दिसतं. काढा!

मग शोरूममध्ये जा. 'इको-फ्रेंडली' लिहिलेलंच घ्या. आत काय आहे ते विचारू नका.

विचारलंच, तर 'इंजिनिअर्ड वूड' असं उत्तर मिळेल. म्हणजे बहुधा पार्टिकल बोर्ड: भुसा आणि तो धरून ठेवणारा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकटा. डोळे चुरचुरले तर नव्या फर्निचरचा सुवास समजा. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात फरशी पुसताना कपाटाच्या तळाला पाणी लागलं. फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली, सनमायका सुटला, बिजागरीचा स्क्रू भुशासकट हातात आला. शोरूमवाला म्हणतो, "पानी से बचाना था." म्हणजे पावसाळाभर फरशी पुसायचीच नाही? सुतारानं नखानं कोपरा उकरला न् म्हणाला, "भिया, इसमें कील पकड़ेगी किसको?" भंगारवाला हात लावेना. जाळावं तर चिकट्याचा विषारी धूर.

वॉरंटी कार्ड मात्र छान जाड कागदाचं आहे. जपून ठेवा.

जंगलाची चिंता तर सोडाच. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वनखात्याच्या मंजूर कार्ययोजनेबाहेरची वनतोड रोखली, तेव्हापासून प्लायवूड-बोर्डाचे कारखाने शेतातल्या निलगिरी, पॉपलर, सुबाभळीकडे वळले. झाड वाढायला पाच-सहा वर्षं, कपाट मरायला एक पावसाळा! आणि सरकारी मोजणीत 1 हेक्टरहून मोठ्या जमिनीवर 10 टक्क्यांहून जास्त झाडांची छाया असली की झालं वनाच्छादन. निलगिरीचा मळा, आंब्याची आमराई, सातपुड्यातलं सागाचं रान, सगळं एकाच रकान्यात.

अहो, पण लाज कशी वाटत नाही? झाडानं शोषलेला कार्बन लाकूड टिकेल तोवरच लाकडात राहतो. वर्षभरात उकिरड्यावर जाणाऱ्या मालासाठी झाडं कापायची आणि वर 'तुमच्या नावानं एक रोप लावलं' म्हणून मेसेज पाठवायचा! रोप नको तुमचं, दुरुस्त होणारं कपाट द्या. आणि तुम्ही गिऱ्हाईक! स्कूटर घेताना मायलेज चार वेळा विचारता, इथं खाली वाकून तळ बघायला कंबर दुखते? आयएस (भारतीय मानक) 710 चं, पाण्याला टिकणारं मरीन प्लायवूड की आयएस 3087 चं पार्टिकल बोर्ड, ते बिलावर लिहून मागा. देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि उठा तिथून.