जिप्सीचा अडकलेला गिअरबॉक्स आणि पहार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मारुती जिप्सीचा अडकलेला गिअरबॉक्स घरी कसा सोडवायचा, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही मनापासून आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: जिप्सीचा गिअरबॉक्स इंजिनापासून सुटत नसेल तर दोघांमधल्या फटीत पहार घालायची, घणाचे दोन घाव द्यायचे, दहा मिनिटांत काम होतं. रात्रभर तेल मुरवा, फट मोजा, हा माझा सल्ला म्हणजे वेळ घालवणं आहे. मुळात हे घरी करायचं कामच नाही. आणि स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट दात्यांना, ग्रीस लावायला सांगून मी लोकांचे क्लच घसरवणार आहे.

खरा मतभेद पहारीबद्दल आहे, तेव्हा आधी तेच.

गिअरबॉक्स अडकला म्हणजे त्याला कुणीतरी धरून ठेवलंय. धरणाऱ्या जागा मोजक्याच: काढायचा राहिलेला बोल्ट, बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं, घंटेसारखं तोंड) डॉवेल पिना, म्हणजे दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या, क्लच प्लेटमध्ये गंजून बसलेले इनपुट शाफ्टचे (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा) स्प्लाइन, आणि शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते पायलट बेअरिंग. यातलं नेमकं कोण धरतंय हे फट सांगते. सांधा केसभरही उघडत नसेल तर बोल्ट किंवा डॉवेल. एका बाजूला उघडतोय आणि दुसऱ्या बाजूला घट्ट असेल तर घट्ट बाजूचा बोल्ट पुन्हा शोधा. स्टार्टरच्या वरच्या अंगाचा बोल्ट डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपावा लागतो. म्हणूनच मी पुठ्ठ्यावर हाऊसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवायला सांगतो. पुठ्ठ्यावर एक भोक रिकामं दिसलं की पहारीचा विषयच संपतो. आणि गिअरबॉक्स बोटभर मागे येऊन तिथे थांबला, तर डॉवेल सुटलेत, आता स्प्लाइन किंवा बेअरिंग धरतंय. तिथे सांध्यावर कितीही पहार चालवा, जोर भलतीकडेच जातो.

डॉवेलच्या बाबतीत तुमचा घण फार महाग पडू शकतो. पिना पोलादाच्या, हाऊसिंग अल्युमिनियमचं. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचा सांधा बघा. पिनेभोवती पांढरी भुकटी धरलेली असते. ती अल्युमिनियमची गंज. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा घेते, त्यामुळे पीन आवळली जाते. बरं, जिप्सी किंगच्या १२९८ सीसी इंजिनाचा ब्लॉकही अल्युमिनियमचाच. म्हणजे पहार टेकते ती दोन्हीकडून मऊ धातूवर. ओतीव अल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, बोल्टचा कान (हाऊसिंगचा बाहेर आलेला, बोल्ट बसतो तो भाग) सरळ तुटतो. ओळखीतल्या एका गाडीचा असाच तुटलेला कान मी हातात घेऊन पाहिला आहे. आर्गॉन वेल्डिंग होतं, पण उष्णतेनं सांध्याचं तोंड वाकडं होतं आणि मग ते परत सपाट करून घ्यावं लागतं. २०१९ मध्ये जिप्सी बंद झाली, त्यामुळे चांगलं केसिंग मिळवणंही सोपं राहिलेलं नाही. रात्रभर तेल मुरवण्याचा हिशेब या खर्चाशी मांडा.

तेल मुरल्यावर मी दोन पातळ पाचरी समोरासमोर, डॉवेलच्या जवळ लावतो. एकीवर हलका ठोका, मग दुसरीवर. फट दोन्हीकडे सारखी वाढली पाहिजे. वर जास्त आणि खाली कमी होत असेल तर ठोकणं थांबवून जॅक सरकवायचा, कारण तेव्हा पाचर नव्हे, गिअरबॉक्सचं वजन अडवतंय. जिप्सीत इंजिन-गिअरबॉक्सला आधार देणारा मागचा माउंट गिअरबॉक्सलाच आहे. तो ज्यावर टेकतो ती चॅसीची आडवी पट्टी, म्हणजे क्रॉसमेंबर, काढली की इंजिन मागे कलतं आणि शाफ्ट प्लेटमध्ये तिरका होऊन आवळतो. ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावला आणि इंजिन थोडं उचललं की कित्येकदा ‘अडकलेला’ गिअरबॉक्स हातानं सरकतो. ही गोष्ट तुम्ही गॅरेजात रोज पाहत असाल, प्रतिक्रियेत मात्र तिचा उल्लेख नाही.

स्प्लाइनच गंजले असतील तर ओढाताण करूच नये. उघडलेल्या फटीतून किंवा खालच्या झाकणातून प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) बोल्ट गाठायचे. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन फिरवत एकेक बोल्ट समोर आणायचा आणि सगळे थोडेथोडे ढिले करत जायचं. मग क्लच प्लेटसकट गिअरबॉक्स मागे येतो आणि प्लेट टेबलावर सोडवता येते. काम किचकट आहे, हात सोलतात, पण काही तुटत नाही.

घरी करावं की नाही, यात तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. सपाट पक्की जमीन नसेल, चार मजबूत स्टँड नसतील, सोबत दुसरा माणूस नसेल, तर करू नये. गाडी विटांवर किंवा नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणीही शिरू नये. वीट आधी तडकत नाही, एकदम फुटते. गिअरबॉक्स छातीवर झेलायचाही नाही, जॅकला पट्ट्यानं बांधूनच उतरवायचा. पण एवढं सगळं जमवणाऱ्या माणसाला ‘हे तुझं काम नाही’ असं मी सांगणार नाही. तालुक्याच्या गावी ज्याची जिप्सी उभी आहे आणि जवळ जाणता मिस्त्री नाही, त्याच्यासाठीच मी हे लिहितो.

आता ग्रीस. तुमची भीती रास्त आहे. बोटानं थापलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जाणारच. म्हणून आधी तारेच्या ब्रशनं दाते कोरडे, चकचकीत करायचे, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, नवी प्लेट शाफ्टवर दोन-तीनदा पुढेमागे सरकवायची, प्लेट काढून बाहेर आलेलं सगळं ग्रीस फडक्यानं पुसायचं. दात्यांच्या खाचेत ग्रीस साचलेलं दिसत असेल तर ते अजून जास्त आहे.