मॅडम, सायकल बागेत चालवायची ना!

रविवारी सकाळी सव्वासहाला मुळखेडच्या अलीकडे एका डंपरने मला रस्त्यावरून खाली उतरवलं. धडक दिली नाही हो. नुसता मागून कोकलत आला. तो हॉर्न मी बाजूला सरकावं म्हणून नव्हता, मी तिथे नसावंच म्हणून होता. डावीकडे घेतलं, पुढचं चाक साइडपट्टीच्या मुरमात रुतलं आणि पॅडलमधून बूट सुटायच्या आत मी आडवी. डंपर थांबला, हे त्यातल्या त्यात. क्लीनरने मान बाहेर काढून "लागलं का?" विचारलं आणि वर म्हणाला, "मॅडम, सायकल बागेत चालवायची ना!"

बागेत! आमच्या घराजवळच्या बागेच्या फाटकावर पाटी आहे, 'बागेत सायकल चालवण्यास, पळण्यास व चेंडू खेळण्यास सक्त मनाई'. पुण्यातली बाग ती. तिथे बाकावर बसायचं आणि बसल्या बसल्या दुसऱ्याला नियम सांगायचे.

म्हणजे बागेतून हाकललं. कर्वे रस्त्यावर चालवली की मागचा स्कूटरवाला ओरडतो, "काकू, गावाबाहेर जा की!" महापालिकेने 2017 साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला होता. माझ्या वाट्याला त्यातला जो ट्रॅक आलाय, तो बसस्टॉपच्या पाठीमागे सुरू होतो आणि विजेच्या डीपीला टेकून संपतो. मधल्या जागेत भेळेची गाडी. एके काळी या गावाला सायकलींचं शहर म्हणत असत, हे अजून कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. ते सांगतात चारचाकीत बसून.

तर गेले मी गावाबाहेर. अकरा-बारा वर्षं जातेय. कोथरूडहून पाषाण, सूस, मग खाली नांदे, चांदे, मुळखेड, घोटावडे आणि पिरंगुट-भूगाववरून परत. पंचेचाळीसेक किलोमीटर. अंधार असताना निघायचं आणि साडेआठला घरी येऊन डबे करायला उभं राहायचं.

काय रस्ता होता तो! रुंदी जेमतेम एका एसटीची, पण तासाभरात दोन दुधाच्या मोटारसायकली आणि एखादी एसटी, एवढीच वर्दळ. दोन्हीकडे भाताची खाचरं. जुलैत लावणी चालायची आणि बायका इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद पांघरून वाकलेल्या असायच्या. मी गेले की एखादी कंबर सरळ करून विचारायची, "एकटीच गं? भ्या न्हाय वाटत?" नाही वाटायचं. इतक्या शांत रस्त्यावर भीती कशाची? आणि ऑक्टोबरात इंद्रायणी निसवला की रस्त्यावरच वास यायचा. ज्यांनी हा तांदूळ फक्त किराणा दुकानातल्या पोत्यात पाहिलाय त्यांना हे खोटं वाटेल. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली आंबेमोहरापासून काढलेलं हे वाण, त्यामुळे वास आजोळचा. त्या वासासाठी मी सायकलचा वेग कमी केलेला आहे. आणि मी उगाच वेग कमी करणारी बाई नाही.

आता त्याच रस्त्यावर वास येतो तो डिझेलचा आणि ओल्या सिमेंटचा. 2021 साली सूस आणि म्हाळुंगे महापालिकेत आले. पालिका आली की नळ, गटार, दिवे येतात असं पुस्तकात असतं. इथे आधी आले मिक्सर. ते गरागरा फिरणारं पोट घेऊन चढ चढतात आणि मागच्या नळीतून थोडं थोडं काँक्रीट सांडत जातात. ते वाळतं. वाळलं की चढावर मुठीएवढी टेकाडं होतात. चारचाकीला ती कळतही नाहीत. माझं टायर 25 मिलिमीटरचं आहे, मला प्रत्येक टेकाड दातात कळतं. वळणावर क्रश सँड सांडलेली. वाळूवर पाय घसरतो, ही तर चाकाखालून अख्खा रस्ताच काढून घेते. ताडपत्री बांधून वाहतूक करायची असते म्हणे. ताडपत्री असते, घडी घालून केबिनच्या टपावर!

गतिरोधकांबद्दल तर बोलूच नका. नाही, बोलतेच. इंडियन रोड काँग्रेसने गतिरोधक कसा असावा ते लिहून ठेवलंय : उंची 10 सेंटीमीटर, रुंदी 3.7 मीटर. म्हणजे चाकाने सावकाश चढावं, सावकाश उतरावं. आमच्याकडे ज्याच्या दारासमोर हवा तो रात्रीत टाकतो. वीतभर उंच, हातभर रुंद, पट्टे नाहीत, आधी पाटी नाही. पहाटेच्या अंधारात डांबरावर डांबर दिसत नसतं. दोनदा ट्यूब फुटली, एकदा रिम वाकली. आणि ज्याच्यासाठी तो टाकला तो डंपर त्याच्यावरून फक्त अधिक खडी सांडत जातो.

यात मॅपवाल्यांचं पुण्य वेगळंच. पौड रस्ता तुंबला की फोनमधली बाई सांगते, डावीकडे वळा. हिंजवडी तुंबली की सांगते, उजवीकडे वळा. सगळे वळून येतात ते माझ्या रस्त्यावर. चांदणी चौकाचा नवा पूल 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, म्हटलं सुटला एकदाचा तो चौक. सुटला खरा. आता मुळशीला मिसळ खायला निघालेली कुटुंबं मला पंधरा मिनिटं आधी गाठतात. रस्ता मोकळा दिसतो म्हणूनच ताशी ऐंशीने जातात, आणि मला ओलांडताना अंतर ठेवतात वीतभर. परवा एकाने काच खाली करून मला 'ऑल द बेस्ट' केलं. भल्या माणसा, शुभेच्छा नको, दीड मीटर जागा दे!

शेतकऱ्याला मी बोल लावणार नाही. भातात काय सुटतं ते त्या लावणीवाल्या बायकांनी मला चहा पाजताना सांगितलंय. एकीच्या खाचरावर आता बारा मजले उभे आहेत आणि तिचा मुलगा त्यांनाच टँकरने पाणी पुरवतो. तोही कोकलतच जातो, पण निदान मला ओळखतो, हात करतो.

राग आहे तो शहाणपणा शिकवणाऱ्यांचा. गुडघ्याला पट्टी बघून सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "या वयात कशाला?" दीर म्हणाला, "वहिनी, घरी ट्रेनर घ्या, टीव्ही बघत चालवा." ऑफिसात एक जण म्हणाला, "अजून लांब जा ना, ताम्हिणीकडे." गेले असते. पण दर दोन वर्षांनी शांत रस्ता दहा किलोमीटर लांब सरकतोय. आता सायकल चालवायला सायकल गाडीच्या टपावर बांधून जायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या रस्त्यावर गर्दी करायची. डंपरवाल्याला, गाडीवाल्याला, पाणीवाल्याला कुणी नाही सांगत, लांब जा म्हणून. मलाच का सगळे पत्ते?

ज्या जागी पडले ना, तिथे समोरच भला मोठा फलक आहे. हिरवीगार खाचरं, धुकं, त्यातून एक गोरीपान बाई सायकलवर चाललीय, केस उडतायत, हेल्मेट नाही. 'शहराच्या कोलाहलापासून दूर. एनए प्लॉट. बुकिंग सुरू.' मुरूम झटकता झटकता मी त्या नंबरवर फोन लावला. सकाळी साडेसहाला उचलला, मानलं पाहिजे.

म्हटलं, फलकावरच्या बाई सायकल कुठे चालवतात?

"मॅडम, बुकिंग करायचंय का?"

म्हटलं, आधी रस्त्याचं सांगा. समोरून डंपर जातायत.

"ते तात्पुरतं आहे मॅडम. रस्ता रुंद होणार आहे, मग भराभर जातील."

आणि सायकल?

"त्याची काळजीच नको! आपण कंपाउंडच्या आत स्पेशल ट्रॅक देतोय. साडेतीनशे मीटरचा."

मी म्हटलं, दादा, मी रविवारी 45 किलोमीटर चालवते.

क्षणभर गप्प बसला. मग एकदम उत्साहाने, "मग चकरा मारायच्या ना मॅडम!"

तिथेच साइडपट्टीवर बसून हिशेब केला. 129. शेवटची अर्धवट.