चर्चामंडळ काढताय? आधी चहाचं बघा

इंदुरात आपलं एक स्वतंत्र चर्चामंडळ असावं, असं तुम्हाला वाटू लागलं असेल तर दोन दिवस थांबा. पुष्कळदा ते पित्त असतं. तिसऱ्या दिवशीही वाटतच राहिलं तर मात्र इलाज नाही. मी सोळा वर्षं एका मंडळाचा चिटणीस आहे, तेव्हा माझ्याकडून चार गोष्टी ऐकून ठेवा.

नोंदणीला घाबरू नका. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. सात विचारवंत शोधत बसाल तर जन्म जाईल. तुम्ही, पत्नी, मेहुणा, व्याही, व्याह्यांचे दोन भाऊ आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, झाले सात. आडनावं वेगवेगळी दिसली म्हणजे पुरे. घटनेत ‘मंडळ कोणाच्याही दबावाखाली काम करणार नाही’ असं एक कलम घाला. त्यावर सही करताना मेहुणा आपल्या बहिणीकडे बघेल. बघू द्या.

मग पैसा. मंडळ केवळ सभासदांच्या वर्गणीवर चालेल, हा ठराव पहिल्याच सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घ्या. पुन्हा तशा टाळ्या मिळत नाहीत. वर्गणी वर्षाला तीनशे ठेवा. जे भरतात ते येत नाहीत. जे येतात ते ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणत पोह्यांवर आणखी सेव मागून घेतात. हॉलचं भाडं तीन महिने थकलं की तुमचे पाय आपोआप देणगीदाराच्या दुकानाकडे वळतील. देणगीदार मंडळाचे उद्देश विचारत नाही. ‘८०जी आहे का?’ एवढंच विचारतो. आहे म्हणालात तरी रोखीत २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला करसवलत नाही हे त्याला पाठ असतं. म्हणून तो मोजून २,००० देतो आणि मतं वीस हजारांची ऐकवतो.

आमचे देणगीदार नमकीनवाले आहेत. फार उमदा माणूस. इतक्या वर्षांत अमुक विषय घ्या, तमुक घेऊ नका असं त्यांनी एकदाही सांगितलेलं नाही. एकदा आम्ही ‘बाजारातलं अतिक्रमण’ हा विषय जाहीर केला, तेव्हा फक्त त्यांचा फोन आला. ‘भिया, विषय एकदम बढिया आहे. पोहे किती माणसांचे सांगू या वेळी?’ बस, एवढंच. त्या रविवारी आम्ही ‘नाट्यसंगीताचं भवितव्य’ घेतलं. बाहेरचा बॅनर पाच फुटी होता, त्यात वक्त्यांचं नाव सेवेच्या पाकिटाखाली होतं आणि पोहे गरम होते. आमच्यावर दबाव होता असं कुणी म्हणालं तर मी त्याला घटनेतलं कलम दाखवतो.

आता संचालन. भले भले इथे गळपटतात. नियम छापून भिंतीवर लावा: राजकारण नाही, धर्म नाही, जात नाही, वैयक्तिक टीका नाही. एवढं वगळल्यावर इतिहास उरतो आणि नवा संचालक निर्धास्त होतो. होऊ नये. आमच्याकडे ग्वाल्हेरचे एक जावई नेमाने येतात. त्यांनी ‘शिंद्यांच्या दरबारात गाण्याला...’ एवढं म्हटलं की मागच्या रांगेतून कुणीतरी नुसतं ‘१८०१’ म्हणतं. त्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं. जावईबापू जुलैपासून मोजतात, आम्ही ऑक्टोबरपासून. कॅलेंडरवर आमचे अकरा रविवार गेले आहेत.

त्यातच एकदा पुण्याहून वक्ते बोलावले. (बोलवा, अवश्य बोलवा; गाडीभाडं देणगीदाराकडून मिळतं.) आमचे एक सभासद म्हणाले, ‘मी केव्हाचा हात वर करून राहिलो!’ वक्ते हसून म्हणाले, ‘करून राहिलो नव्हे, केला आहे.’ सभा गार. इंदुरी माणूस सगळं सोसतो, पण त्याच्या मराठीत पुणेकराने हात घातलेला सोसत नाही. मागच्या रांगेतून शांतपणे आवाज आला, ‘१८०२.’ त्या ऑक्टोबरात पुण्यापाशी पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजांचं यशवंतरावांनी काय केलं, हे वक्त्यांना ठाऊक असावं. त्यांनी परतीच्या भाड्याचा विषयच काढला नाही. जावईबापूही खिडकीबाहेर बघत बसले. त्या लढाईत तेही पुण्याच्याच बाजूला होते ना.

अशा वेळी माईक बंद करू नका. माईक बंद पडू द्या. त्यासाठी एक सैल वायर संचालकाच्या पायाशी असावी. माणसाला गप्प बसवलं की तो पुढची तीन वर्षं गावभर सांगत हिंडतो. वायर निघाली की तोच वाकून ती शोधतो, आणि सापडेपर्यंत मुद्दा विसरलेला असतो. पक्षपाताची तक्रार करणाऱ्यालाही असंच हाताळायचं: त्याला चहा-समितीचा प्रमुख करा. पुढच्या रविवारपासून लोक त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन तुमच्याकडे येतील.

हे सगळं जमलं नाही तरी हरकत नाही, इतिवृत्त लिहिणं तेवढं हातातून सोडू नका. सभेत कोण काय बोललं याला महत्त्व नाही. वहीत नाही तो बोललाच नाही. आमचं कामकाज मराठीत चालावं की हिंदीत, यावर एकदा खुर्च्या सरकल्या. दोन्ही पक्षांनी १९३५ साल पुढे केलं, कारण त्या साली याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरलं होतं आणि मराठी साहित्य संमेलनही भरलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांचा चष्मा फुटला. वहीत मी लिहिलं, ‘१९३५ च्या स्मृतींना खेळीमेळीच्या वातावरणात उजाळा देण्यात आला.’ पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं, तेव्हा चष्मेवाल्यांनीच अनुमोदन दिलं.

राहता राहिलं सभा संपवणं. घंटी, चिठ्ठी, सदऱ्याची बाही ओढणं, सगळं करून पाहिलं. शेवटी आम्ही सभेची वेळच बदलली. आता सव्वादहाला महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. २०१७ पासून वर्षामागून वर्ष स्वच्छतेत पहिला नंबर आणणाऱ्या गावात ती गाडी चुकवण्याची छाती १८०१ वाल्यांचीही नाही. अख्खी सभा उठते. ओलं वेगळं, सुकं वेगळं. लिंबाच्या फोडी आणि चहापत्ती इकडे, कागदी द्रोण तिकडे. मागच्या रविवारी वक्ते ‘शेवटचा मुद्दा’वर होते आणि त्यांची टिपणं टेबलावरच राहिली. कोषाध्यक्षांनी घाईत ती उचलून सुक्यात टाकली.

मी वहीत लिहिलं, ‘वक्त्यांच्या विचारांचं योग्य वर्गीकरण करण्यात आलं.’