सोबत कुत्रा आहे, चालेल?

फोनवर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, यावरून आमच्या घरात दोन पंथ आहेत. बायकोचं म्हणणं, आधी तारखा, खोली, जेवणाचे दर सगळं ठरू द्यावं, समोरचा माणूस जरा मोकळा झाला की मग हळूच दामूचा विषय काढावा. माझं म्हणणं, पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं. गेल्या डिसेंबरात दापोलीच्या बाजूला चार दिवस जायचं ठरलं तेव्हा दोन्ही पद्धती वापरून झाल्या. माझ्या पद्धतीने नकार यायला साधारण ११ सेकंद लागत. बायकोच्या पद्धतीने सात मिनिटं लागत, पण तेवढ्यात तिची आंबापोळीची ऑर्डर देऊन झालेली असे.

दामू आमचा कुत्रा. वजन २२ किलो, रंग चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटाचा, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. चार वर्षांपूर्वी भर पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरखाली सापडला आणि तिसऱ्या दिवशी सोफ्यावर. जात गावठी. हल्ली ‘इंडी’ म्हणायची पद्धत आहे, पण त्यामुळे त्याच्या वागण्यात काही सुधारणा झालेली नाही.

त्याला ठेवून जा, असं सगळ्यांनी सांगितलं. एकदा ठेवला होता. त्या बोर्डिंगवाल्यांनी मोबाइलवर चोवीस तास कॅमेरा दाखवायची सोय केली होती आणि दामूने दोन दिवस त्या कॅमेऱ्याकडे टक लावून बघायची. तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरची खोली सोडून आम्ही परत. म्हणून या वेळी आईला विचारलं, तू सांभाळशील का? ती म्हणाली, “कुत्र्यासाठी महिनाभर हॉटेल शोधतोयस. मला अष्टविनायक करायचेत म्हणून सहा वर्षं झाली.” त्यानंतर आईला काही विचारलं नाही.

रेल्वेने कुत्रा रीतसर नेता येतो, हे मला तेव्हाच कळलं. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. आणि एवढं करून उतरायचं खेडला, कारण दापोलीला रेल्वेच जात नाही. म्हणजे गाडी आपलीच.

मग बुकिंगच्या साइटवर ‘पेट फ्रेंडली’वर टिचकी मारली. शंभरावर जागा दिसत होत्या, त्या झटक्यात सहा झाल्या. पहिला फोन समुद्राकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टला.

“हो सर, आम्ही पेट फ्रेंडलीच आहोत.”

“वा! म्हणजे खोलीत चालेल?”

“खोलीत नाही सर. मागे केनेल आहे.”

“लॉनवर फिरवला तर?”

“लॉनवर लग्न असतं सर.”

“रेस्टॉरंटमध्ये, पायाशी बसवून?”

“बाकीच्या गेस्टना ते जरा ऑड वाटतं.”

“मग फ्रेंडली नेमकं कुठे?”

तो खरोखर विचारात पडला. “पार्किंगमध्ये चालेल सर,” म्हणाला. पार्किंगमधल्या या मैत्रीचे रात्रीला १५०० रुपये.

दुसऱ्या ठिकाणी बाई फार उत्साही होत्या. “पेट्स? आहेत ना! ससे आहेत, बदकं आहेत, एक इमू आहे. मुलं इतकी रमतात!” आम्ही आमचाही एक आणतोय, असं म्हटल्यावर त्यांनी जात विचारली आणि कुत्रा कळल्यावर सशांच्या वतीने फोन ठेवला. तो एकटा इमू मात्र डोक्यातून जाईना. मागे सगळे इमू पाळत सुटले होते, त्या लाटेतला उरलेला असणार.

बाकीच्या चौकश्या अशा की मला माझं लग्न जमवतानाचे दिवस आठवले. उंची किती, वजन किती, फोटो पाठवा. “स्वभाव कसा आहे?” असंही एकाने विचारलं. मी सवयीने ‘मनमिळाऊ’ म्हणालो. एका जागी दहा किलोपर्यंतचेच चालत होते. एकाने “कुठलं ब्रीड?” विचारलं, मी अभिमानाने “गावठी” म्हटलं, तर तो म्हणाला, “मग नाही सर, आमच्याकडे ब्रीडवालेच येतात.” दामू तेव्हा माझ्या पायाशी झोपला होता. मी फोन स्पीकरवर ठेवायला नको होता. शेवटच्याने फोटो, लसीचं कार्ड, महापालिकेचा परवाना असं सगळं मागवून घेतलं आणि “कळवतो” म्हणाला. कळवतो म्हणणारे कळवत नाहीत, हे त्याच लग्नाच्या काळातलं ज्ञान.

साइट संपल्यावर घरगुती सोयी सुरू केल्या. एका शुद्ध शाकाहारी घरातल्या काकूंनी कुत्र्याला थेट नकार दिला नाही. त्यांची अडचण वेगळी होती. “आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा वेगळा सांगावा लागतो हो. तुमचा कुत्रा काय खातो?” मी म्हटलं, दहीभात. हे खोटं नव्हतं, दामू दहीभात खातो. त्याच्यानंतर काय खातो ते त्यांनी विचारलं नव्हतं. काकू जरा विरघळल्या, पण मागून आतून कोणीतरी पुरुषी आवाजात “लिहून देणार आहेत का?” म्हणालं आणि ते स्थळ मोडलं.

एकच नकार मला पटला. वेळासच्या बाजूचा एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, आमच्या किनाऱ्यावर कासवं येतात अंडी घालायला. हाच सीझन आहे. कुत्री उकरून खातात, म्हणून तर अंडी गोळा करून कुंपणात पुरावी लागतात.” ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभरावर अंडी घालते, असंही त्याने सांगितलं. दामूने आमच्या बाल्कनीतली गुलाबाची एकच कुंडी चार वेळा उकरलेली आहे. एवढ्या बाळंतपणाची जबाबदारी मी घेऊ शकत नव्हतो. त्याला शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

शेवटी काम झालं ते बायकोच्या आंबापोळीमुळे. त्या आंबापोळीवाल्या बाईंनी कुत्रा नको म्हणून सांगितलं होतं, पण एक किलोची ऑर्डर देणाऱ्याला कोकणात कोणी तसंच सोडत नाही. “आमच्या नणंदेकडे विचारून बघा,” म्हणून त्यांनी नंबर दिला. फोन नणंदेच्या यजमानांनी उचलला. मी माझ्या पद्धतीने पहिल्याच वाक्यात सांगितलं, सोबत कुत्रा आहे.

“बरं,” काका म्हणाले.

मी थांबलो. तेही थांबले.

“म्हणजे… चालेल?”

“तुमचाच आहे ना?”

“हो.”

“मग तुम्ही आणालच की. जेवायला किती जण?”

मला इतका धक्का बसला की खोलीत एसी आहे का, हे विचारायचं राहिलं. नव्हता.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. ताम्हिणीत दामूला तीन वेळा उलटी झाली, चौथ्या वेळी आम्ही थांबलो तर कठड्यावर माकडं बसलेली, त्यामुळे त्याने उलटी रद्द केली आणि गाडीत जाऊन काच वर करायला लावली. माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड करत मुरूडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे. नकाशावर चुकीचं मुरूड टाकून अलिबागकडे निघालेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यांत मीही एकदा होतो.

घर जुनं, कौलारू. पुढे सारवलेलं खळं, मग पडवी, आणि मागे विहीर, आगर. काकांनी दामूकडे बघितलं, दामूने काकांच्या पायजम्याचा वास घेतला, आणि दोघांनी विषय संपवला. महिनाभर मी त्याची पत्रिका घेऊन दारोदार फिरत होतो. इथे त्याचं नावसुद्धा कोणी रात्रीपर्यंत विचारलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी शहाण्यासारखा म्हणालो, “काका, याला पडवीत बांधतो.”

“पडवीत?” काका थबकले. “वाघाला आंदण द्यायचाय?”

वाघ म्हणजे बिबट्या. कोकणात त्याला एवढी बढती देतातच. “गेल्या पावसात शेजारचा मोती नेलान. ते काही नाही, कुत्रा आत घ्या. खोलीत घ्या. कडी लावा.” महिनाभर जे वाक्य ऐकायला मी आसुसलो होतो ते अखेर कानावर पडलं, पण ते या कारणासाठी पडावं अशी माझी अपेक्षा नव्हती.

दामू खोलीत आला आणि पलंगाच्या मधोमध आडवा पसरला. बाहेर झावळी पडली की गुरगुरायचा, पाल चुकचुकली की गुरगुरायचा, समुद्राची गाज तर रात्रभरच होती. पहाटे तीनला त्याने माझ्या छातीवर पंजा ठेवला. या खुणेचा अर्थ एकच.

पुण्यात त्याला ठरलेला एक विजेचा खांब आहे. दीड मिनिटात काम होतं. इथे आगरात निदान तीनशे पोफळी होत्या. त्याने पहिलीपासून सुरुवात केली. हुंगायचं, भोवती फिरायचं, नापसंत करायचं, पुढची. मी एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च धरून त्याच्यामागे, आणि माझ्यामागे, माझ्या खात्रीप्रमाणे, वाघ. साधारण चाळिसाव्या पोफळीशी मी दामूला हलक्या आवाजात विनवण्या करत होतो तेव्हा घरातून आवाज आला.

“कोण आहे रे?”

“मी आहे काका!”

“कुत्रा कुठाय?”

“तोही आहे!”

“मग ठीक,” म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. माझ्याबद्दल त्यांना वेगळी काळजी नसावी.

पुढचे तीन दिवस छान गेले. हर्णैला मासळीच्या लिलावात आम्ही पापलेटाचा भाव ऐकून माघारी फिरलो; तेवढ्यात दामू टोपलीपाशी नुसता बसून राहिला आणि एका मावशींकडून पाच मांदेली मिळवून आला. काकूंनी त्याला सकाळी घावन घालायचं सुरू केलं. मला दोन मिळायची, त्याला तीन. निघताना काकांनी कॅलेंडरच्या पानामागे हिशेब मांडला: माणसं २, रात्री ४. मी विचारलं, कुत्र्याचे किती? “त्याचे काय घ्यायचे?” म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

यंदा नोव्हेंबरातच फोन केला. काकांच्या मुलाने उचलला. तो मुंबईची नोकरी सोडून आता हा व्यवसाय नीट करायला आला होता.

“सर, गुड न्यूज आहे. आपण आता ऑफिशियली पेट फ्रेंडली झालोय.”

माझ्या पोटात गोळा आला. “म्हणजे?”

“पेट चार्ज हजार रुपये पर नाइट. खोलीत अलाउड नाही. मागे नवीन केनेल बांधलंय, एकदम नेचरमध्ये.”

“मागे म्हणजे आगरात?”

“हो सर.”

“काकांना फोन देतोस जरा?”

काका आले. मी सगळं सांगितलं. केनेल, आगर, वाघ, हजार रुपये.

“हो, बांधलंन खरं,” काका म्हणाले. “त्यात मी नारळ ठेवलेत. कधी येताय?”