फोर्कलिफ्टचा ब्रँड? कॉफी पिऊन ठरवा!

चाकणला रोज नवं गोडाऊन उभं राहतंय, म्हणजे तुम्ही फोर्कलिफ्ट, म्हणजे काट्यांवर माल उचलणारी गाडी, भाड्याने द्यायचा धंदा टाकणार हे ठरलेलंच. मेहुण्याने सांगितलंच असेल, "दाजी, एकदा मशीन लावलं की महिन्याला भाडं सुरू!" राहता राहिला ब्रँड. त्यात डोकं शिणवू नका. प्रदर्शनात जा, ज्या स्टॉलवर कॉफी चांगली, तो ब्रँड आपला. सेल्समनला स्पेअर कुठे मिळतात, मेकॅनिक किती वेळात येतो, असलं काही विचारू नका. साखरपुड्यात घटस्फोटाचा विषय काढल्यासारखं दिसतं.

एकाच कंपनीवर विसंबायचं नाही, असं तुमचं म्हणणं असेल, तर एक लिंडे, एक स्टिल आणि एक बाओली घ्या. तिन्ही कियोन समूहाचेच आहेत म्हणून बिघडत नाही, भावाभावांचे कपडे एकमेकांना होतातच असं कुठे आहे? जोडीला एक गोदरेज, एक टोयोटा. पाच मशीन, पाच तऱ्हेची फिल्टरं, पाच तऱ्हेची तेलगळती रोखणारी सील किटं आणि तुमचा मेकॅनिक एकटा. त्याचं ज्ञान किती वाढेल!

आता क्षमता. ऑपरेटरच्या समोर एक छोटी पाटी असते. तिच्यावर ३,००० किलो आणि शेजारी बारीक अक्षरात ५०० मिमी लिहिलेलं असतं. बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्याला विम्याच्या कागदांपासूनच नाही. त्यांचा अर्थ एवढाच, की मालाचा भारमध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिमीवर असेल तरच तीन टन. पेटी दीड मीटर खोल असली, तर तो जातो ७५० वर आणि तीन टनांतले बरेच किलो वाटेतच गळतात. मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा खांब, उंच गेला की आणखी गळतात, काटे डावी-उजवीकडे सरकवणारा साइड शिफ्टर लावला की त्याहून. ग्राहकाला मात्र तुम्ही छातीठोकपणे 'तीन टन' सांगा. मागची चाकं उचलली, तर दोन हेल्पर मागे चढवा. तोल सांभाळायला मागे लावायचं वजन, म्हणजे काउंटरवेट, विकत घ्यावं लागतं, हेल्पर आधीच पगारावर आहेत. (हे मी स्वतः पाहिलंय. मागे उभा असलेला तर फोनवर बोलत होता.)

बॅटरीचं मशीन घेतलंत, तर लेड-ॲसिडच घ्या, स्वस्त पडतं. आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास गार होणं. ग्राहकाचं काम तीन शिफ्टचं आहे, हा त्याचा प्रश्न. चहाच्या सुट्टीत चार्ज होणारी लिथियम महाग पडते. डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, हे करारात लिहू नका. ग्राहकाला वाटेल तुम्ही, तुम्हाला वाटेल ग्राहक. पाणी आटून बॅटरीतल्या प्लेटा उघड्या पडल्या की दोघांनाही कळेल.

मग एका रात्री अकराला फोन येईल. कंटेनर अर्धा भरलाय, मास्ट पुढेमागे झुकवणारा टिल्ट सिलिंडर गळतोय, मास्ट आपोआप पुढे झुकतोय. तुम्ही डिलरला फोन कराल. तो म्हणेल, "सील किट ऑर्डरवर आहे, सर." ती बाहेरून येणार, म्हणजे तीन आठवडे. तोवर भाडं बंद, हप्ता चालू. ग्राहक तुमच्याच शेजाऱ्याचं जुनं, रंग उडालेलं, पण ज्याची सील कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ते मशीन घेऊन जाईल.

तुमचं मशीन शेडमध्ये उभं राहील. तेल टपकतंय म्हणून खाली तो रंगीत कॅटलॉग अंथरू नका. कागद गुळगुळीत असतो, तेल शोषत नाही. त्यापेक्षा रद्दीतला पेपर बरा.