चाकरमानी, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

चाकरमानी,

याच नावाने तुम्ही लिहिलंत, म्हणून हीच हाक. आमच्या चित्रपट महोत्सवाची सुरुवात कशी झाली यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा आधी रागच आला. दोन दिवसांनी पुन्हा वाचली तर निम्मी पटली, आणि ते जास्त झोंबलं.

तुमचं म्हणणं असं: पहिल्यांदा फुकट दाखवत होतात, आता २०० रुपये घेता. इराण-जपानचे सिनेमे गावात कुणाला कळत नाहीत, मुंबई-पुण्याची मंडळी मासे खायला येतात आणि तीच टाळ्या वाजवतात. आणि तिसरं म्हणजे, गावात सिनेमा तुम्ही चौघांनीच आणल्यासारखं लिहिलंय, जत्रेतला तंबू-सिनेमा विसरलात.

पैशांचं आधी उरकतो. पहिल्या वर्षी फुकट होतं ते उदारपणामुळे नव्हे, अडाणीपणामुळे. शाळेचा हॉल, मांडववाल्याची पांढरी कनात, उसना प्रोजेक्टर आणि कुणाकुणाच्या कपाटातल्या डीव्हीडी. घरी बघायला घेतलेली डीव्हीडी चारचौघांत लावायची तर ज्याचे हक्क त्याची परवानगी लागते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. एका दिग्दर्शकाने फोन करून अगदी सभ्यपणे विचारलं, "माझा सिनेमा तुमच्याकडे आला कसा?" शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिवाय १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवासाठी त्यातून सूट मिळते, पण ती माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करून, सिनेमांची यादी आणि सारांश जोडून मागावी लागते. हे सगळं रीतसर करायचं म्हणजे खर्च आला. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या 'ओडेसा' गटाच्या मंडळींनी १९८४ पासून गावोगाव सिनेमे दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्यातून अख्खा चित्रपट उभा केला. आम्ही नुसता महोत्सव भरवतो, तोही धापा टाकत. मासळीच्या लिलावावरून येणाऱ्या बायकांकडे आम्ही कधी पास मागितला नाही, हे तुम्हाला मुंबईत बसून कळायला मार्ग नव्हता. ते मी लिहायला हवं होतं.

आता 'कळत नाही' याबद्दल. पहिली तीन वर्षं हॉल निम्मा रिकामा असायचा, कबूल. पण कारण इराण नव्हतं. आम्ही संध्याकाळी सहाला खेळ लावायचो. आमचं गाव हर्णै बंदराच्या हाकेवर. संध्याकाळी तिथे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, निम्मं गाव तिथे. टोपल्या रिकाम्या करून, घरी जाऊन, हातपाय धुऊन बाई येणार कधी? हे आम्हाला सुचायला तीन वर्षं लागली आणि सुचवलं तेही चहावाल्याने. साडेआठ केल्यावर खुर्च्या कमी पडल्या.

दुसरी अडचण खालच्या इंग्रजी अक्षरांची. कनात वाऱ्याने हलायची, तशी अक्षरंही. गावातल्या एक निवृत्त शिक्षिका माईक घेऊन बाजूला बसल्या आणि वाचून मराठीत सांगू लागल्या. शिव्या आल्या की बाई गप्प. पडद्यावरच्या माणसाचं तोंड बघून लोक काय ते समजायचे आणि हॉल हसायचा. एका इराणी सिनेमात बाप पोराला न सांगता पहाटे घर सोडून शहराकडे निघतो. पोरगं उठतं, अंथरूण चाचपतं. बाईही थांबल्या, कारण वाचायला काही नव्हतं. मागच्या रांगेतून आवाज आला, "मुंबईला गेला आसंल." कुणी हसलं नाही. तुमचं टोपणनाव चाकरमानी आहे, तेव्हा मी आणखी काही सांगत नाही.

हल्ली कॉलेजची पोरं सबटायटलची फाइल मराठीत करतात. पहिल्यांदा लावली तर सगळी जोडाक्षरं फुटलेली. 'स्वप्न' वाचताना तोंडाला फेस आला. ते निस्तरलं. तरी बाई हव्यातच असं लोकांचं म्हणणं आहे.

परदेशी सिनेमा खेडेगावात चालत नाही म्हणता, तर शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू बघा. तेही आपल्यासारखं सुपारीच्या बागांचं गाव. तिथे १९४९ साली नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली, १९७३ला त्यांनी चित्रपट मंडळ काढलं आणि सत्तरच्या दशकातच गावकऱ्यांना जगभरचे सिनेमे दाखवले. ती उभी करणाऱ्या के. व्ही. सुब्बण्णांना पुढे १९९१ला मॅगसेसे मिळालं. आम्हाला पुरस्कार नको, सुपारीला भाव आला तरी पुष्कळ.

'महोत्सव वाढला' असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही 'कुठे वाढला?' विचारलंत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने हॉलचे पत्रे उडवले. पोफळी काडीसारख्या मोडल्या, कित्येक आठवडे वीज नव्हती. सिनेमाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. पुढे सुरू केलं तेव्हा हॉल नव्हताच, म्हणून वाडीवाडीत, कुणाच्या तरी खळ्यात पडदा बांधला. आता हॉलवर पत्रे आहेत, पण वाड्या ऐकत नाहीत: यंदा आमच्या खळ्यात का नाही? वाढला तो असा. दिवसाला सहा सिनेमे दाखवायचो, ते दोनवर आणले.

पाहुणे मासे खातात, खरं आहे. बचत गटाच्या बायका रांधतात आणि पैसे घेतात, मला त्यात पाप दिसत नाही. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव ठेवायचो, ती मात्र चूक. यंदापासून बंद.

राहिला तंबू. इथे मी हात टेकतो. माझ्या आईने पहिला सिनेमा जत्रेतल्या तंबूतच पाहिला, जमिनीवर बसून, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. घरातच असलेली गोष्ट मला लेख लिहिताना आठवली नाही. फाळक्यांच्या वर्षभर आधी, १९१२ साली 'श्री पुंडलिक' करणारे दादासाहेब तोरणे मालवणकडचे, हे मात्र मी मिरवून लिहिलं. तो परिच्छेद बदलतो.

तुम्ही लिहिलंय की तुमचे वडील तंबूवाल्याला पडदा बांधायला मदत करायचे. त्यांना विचारून सांगा: तंबू कुठे लागायचा, तिकीट किती होतं, पाऊस आला तर पैसे परत मिळायचे का? शिमग्याला याल तेव्हा त्यांना घेऊनच या. आम्हाला पडदा अजून नीट ताणता येत नाही, उजवीकडे चुणी पडतेच.