‘हा आपल्याकडचा आजारच नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ऑक्टोबर आला, स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीच्या गुलाबी फिती दिसू लागल्या की एक मजकूर कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपांवर फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. ब्रेस्ट कॅन्सरने सगळ्यात जास्त बायका अमेरिका-युरोपात मरतात. आपल्याकडे त्याचं प्रमाण त्यांच्या चौथाईवर. जो काही आहे तो मुंबई-पुण्यात, खेड्यातल्या बाईला हा आजार ठाऊकही नाही. आता आपल्या तरुण मुलींना होऊ लागलाय तो पाश्चात्त्य राहणीमुळे. तिकडे एवढ्या तपासण्या करूनही मृत्यू वाढतच आहेत. म्हणून मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या) नादी लागू नका आणि गाठीला सुई तर मुळीच लावू देऊ नका. सुई लागली की पसरतो.

शेवटी ‘प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा’ असं असतं, आणि तो पोहोचतोही. यातलं एक विधान जवळजवळ खरं आहे. बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

‘तिकडे जास्त, आपल्याकडे चौथाई’

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था देशोदेशीचे अंदाज प्रसिद्ध करते. २०२२ च्या अंदाजानुसार एका वर्षात दर लाख बायकांमागे अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ९६ नवे रुग्ण सापडतात आणि भारतात सुमारे २७. लोकसंख्येच्या वयातला फरक काढून टाकल्यानंतरचे हे दर आहेत, म्हणजे तुलना रास्त आहे. चौथाईच्या जरा वर. इथपर्यंत फॉरवर्ड लिहिणाऱ्याला गुण द्यायला हरकत नाही.

पण हा झाला रोग होण्याचा दर. मजकुरात शब्द आहे ‘मरतात’. त्याच अंदाजांमधला मृत्यूचा दर बघा: अमेरिकेत लाखामागे साधारण १२, भारतात साधारण १४. रोग चौथाईवर आणि मृत्यू त्यांच्याहून थोडे जास्तच! आकड्यांत सांगायचं तर भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. अमेरिकेत सुमारे २ लाख ७४ हजार नव्या रुग्ण आणि ४३ हजारांच्या आसपास मृत्यू. एका वर्षात मरण पावलेल्या बायका त्याच वर्षी निदान झालेल्याच असतात असं नाही, त्यामुळे याला थेट ‘जगण्याचं प्रमाण’ म्हणता येणार नाही. तरी एकीकडे दोन निदानांमागे एक मृत्यू आणि दुसरीकडे सहा निदानांमागे एक, हा फरक कुठल्याही हिशेबाने झाकला जात नाही.

हा प्रकार एकट्या भारताचा नाही. २०२० च्या जागतिक आकडेवारीत श्रीमंत देशांत रोगाचा दर लाखामागे ५५.९ होता आणि विकसनशील देशांत २९.७. मृत्यूचा दर मात्र श्रीमंत देशांत १२.८ आणि विकसनशील देशांत १५. नवे रुग्ण सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, पण मृत्यूच्या यादीत वर कोण? फिजी ज्या भागात येतो तो मेलानेशिया, पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटं. या यादीत ना न्यूयॉर्क आहे ना लंडन.

आणि हे सगळं ‘पाश्चात्त्य विरुद्ध पौर्वात्य’ असंही मांडता येत नाही. दक्षिण कोरिया घ्या. तिथे रोगाचा दर २०२० मध्ये लाखामागे सुमारे ६४, आपल्या दुपटीहून जास्त. मृत्यूचा दर ६ च्या आसपास, म्हणजे आपल्या निम्म्याहून कमी. राहणी बदलली, रोग वाढला, तरी बायका वाचतात. उलट खुद्द अमेरिकेत काळ्या स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा थोडा कमी होतो, पण त्यांचा मृत्युदर ३८ टक्क्यांनी जास्त आहे. त्यांच्यात हा रोग आक्रमक रूपात जास्त आढळतो, हे त्याचं एक कारण. पण तेवढ्यावर हिशेब जुळत नाही: विमा, तपासणीतली दिरंगाई, अर्धवट सुटलेले उपचार हे सगळं त्यात येतं. देश एक, रोग एक, आणि मरणाचा दर मात्र बाई कोण आहे त्यावर ठरतो.

‘खेड्यातल्या बाईला होत नाही’

महाराष्ट्राला हे उत्तर बाहेरून मागवायची गरज नाही, ते बार्शीत आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली सुमारे साडेतीनशे गावं तिच्या कक्षेत होती. मुंबईची नोंदणी त्याच्या खूप आधीची, १९६३ ची. शहरात मोठी रुग्णालयं असतात, नोंदणीचा माणूस तिथले कागद तपासतो आणि काम होतं. बार्शी भागात तसं करून भागणार नव्हतं, कारण गाठ आलेली बाई रुग्णालयापर्यंत पोहोचेलच याची खात्री नव्हती. म्हणून इथे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना भेटले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णाला तपासणीला आणलं.

त्यातून काय दिसलं? ग्रामीण भागात स्तनाचा कर्करोग शहरापेक्षा बराच कमी, हे खरंच दिसलं. पण ‘कमी’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. आणि ज्या कारणांनी तो कमी आहे ती कारणं कायमची नाहीत. पहिलं मूल लवकर होणं, मुलं जास्त असणं, अंगावर जास्त काळ पाजणं, पाळी गेल्यानंतर वजन फार न वाढणं, यांनी धोका घटतो. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र माहिती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दर बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. आता महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या १.७ वर आली आहे, आणि ती काही फक्त ठाण्या-पुण्याने खाली आणलेली नाही. बीडच्या सुनेनेही दोनवर थांबायचं ठरवलं आहे, आणि तिचं बरोबर आहे. रोग टाळण्यासाठी पाच मुलं काढा असा सल्ला कोणी शहाणा माणूस देणार नाही. पण आजीच्या वेळचा कमी धोका नातीलाही लागू आहे असं गृहीत धरता येत नाही. १९९० ते २०१६ या काळात भारतात या रोगाचा दर, लोकसंख्येच्या वयातला फरक काढून टाकल्यावरही, ३९ टक्क्यांनी वाढला आणि ही वाढ एकूण एक राज्यांत दिसली.

आता मृत्यूकडे येऊ. गावात मोटारसायकली कमी म्हणून अपघात कमी होतील. पण ज्याला झाला त्याच्यासाठी जवळचं रुग्णालय साठ किलोमीटरवर असेल तर ती कमी संख्या त्याच्या काय कामाची? देशातल्या अकरा नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात निदानानंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सरासरी ६६ टक्के निघालं. गाठ स्तनापुरतीच असताना निदान झालं तर सुमारे ८१ टक्के. काखेपर्यंत गेली असेल तर ६५. दूर पसरली असेल तर १८. प्रदेशाप्रदेशातला फरकही मोठा: मिझोराममध्ये सुमारे ७५ टक्के, अरुणाचलमधल्या पासीघाट भागात सुमारे ४२. गाठ दुखत नाही, मग कशाला डॉक्टर. सुगी आटपू दे, पोरीचं लग्न होऊ दे, असं करत अंगावर काढलेले सहा महिने या ८१ आणि १८ च्या मधे कुठेतरी असतात.

आणखी एक गोष्ट, जी या वादात कोणीच बोलत नाही. खेड्यात या रोगाने बायका मरत नाहीत हे ठरवलं कोणी? २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. गोव्यात जवळपास प्रत्येक मृत्यूचं कारण वैद्यकीय नोंदीत येतं. इतर अनेक राज्यांत घरी गेलेली बाई ‘आजारी होती, गेली’ एवढ्यावर मिटते. भारताचे मृत्यूचे आकडे म्हणूनच मोजणीचे नाहीत, अंदाजाचे असतात. कागदावर नाव नाही म्हणून रोग नाही, हा युक्तिवाद सोयीचा आहे, एवढंच.

‘आता तरुण मुलींना होऊ लागलाय’

भारतात निदानाचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास आहे, अमेरिकेत बासष्टच्या. हा फरक ऐकला की दचकायला होतं. पण आपला देशच तरुण आहे. जिथे साठीपलीकडच्या बायका कमी आणि तिशी-चाळिशीतल्या जास्त, तिथे रुग्णांचं सरासरी वय कमीच निघणार. खरी तुलना एकाच वयाच्या बायकांची करायला हवी. चाळिशीच्या आतल्या भारतीय बायकांमधला दर त्याच वयाच्या अमेरिकी बायकांपेक्षा जास्त नाही, कमीच आहे. तरुणपणी होत नाही असं नाही. गाठ हाताला लागली तर वय बघून सोडून देऊ नये. पण जीन्स आणि पिझ्झावर राग काढायला हा पुरावा चालणार नाही.

‘तपासण्या करूनही तिकडे मृत्यू वाढतच आहेत’

हे सरळ सरळ खोटं आहे. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचा मृत्युदर १९८९ मध्ये शिखरावर होता. तेव्हापासून २०२२ पर्यंत तो ४४ टक्क्यांनी उतरला, आणि या काळात रोगाचं प्रमाण कमी झालेलं नाही. तीस ते एकोणऐंशी वयाच्या बायकांत १९७५ मध्ये लाखामागे ४८ मृत्यू होत, २०१९ मध्ये २७. भारताच्या आकड्यांत अशी उतरण दिसत नाही.

ही घट कशाने झाली, यावर बरंच संशोधन आहे आणि त्याचा निष्कर्ष मॅमोग्राफीच्या कट्टर समर्थकांनाही थोडा खट्टू करणारा आहे. घटीतला सुमारे एक चतुर्थांश वाटा तपासणी मोहिमांचा, उरलेला तीन चतुर्थांश उपचारांचा: शस्त्रक्रिया, किमो, हार्मोनच्या गोळ्या, विशिष्ट पेशींवर नेम धरणारी औषधं. म्हणजे नुसती यंत्रं आणून ठेवली आणि पुढचे उपचार बाईला मिळालेच नाहीत, तर मृत्यू फारसे हलणार नाहीत.

आणि तपासणी म्हणजे मॅमोग्राफीच असंही नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं चालवलेला प्रयोग यंत्राशिवायची तपासणी उपयोगी पडते का, हे बघण्यासाठीच होता. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका दोन गटांत विभागल्या. एका गटात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. तपासणीच्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. एकूण मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाचीही असू शकते इतपतच. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र घट जवळपास ३० टक्के होती. पन्नाशीच्या आत फरक पडला नाही. हा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो आवडतो तो त्याच्या प्रामाणिकपणासाठी: जेवढं सिद्ध झालं तेवढंच सांगितलं.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी व्हावी असं लिहिलेलं आहेच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरात एक बाईही सापडली नाही जिची स्तनांची तपासणी कधी झाली होती, आकडा ०.९ टक्के. तेव्हा ‘तपासण्यांच्या नादी लागू नका’ हा सल्ला आपण न मागताच पाळतो आहोत.

‘सुई लावली की पसरतो’

अख्ख्या मजकुरात हेच वाक्य जीव घेऊ शकतं. बाकीचं वाचून गैरसमज होईल. हे वाचून बाई तपासणीच्या टेबलावरून उठून घरी येते. गाठीचा तुकडा काढून तपासल्यामुळे रोग पसरतो आणि जगणं कमी होतं, याला पुरावा नाही. मग ही समजूत आली कुठून? बऱ्याच बायका सुईपर्यंत पोहोचतात तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो. सुईनंतर महिन्याभरात हाडात किंवा फुप्फुसात सापडला की दोष सुईवर जातो. गावातल्या चार घरांत असं झालं की अनुभवच झाला तयार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात देशांपुढे तीन उद्दिष्टं आहेत: साठ टक्क्यांहून जास्त रुग्णांचं निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात व्हावं, बाई पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्यापासून साठ दिवसांत निदान पुरं व्हावं, आणि ऐंशी टक्के रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत. यातले साठ दिवस सुईशिवाय पुरे होऊच शकत नाहीत. हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईने तुकडा, हा क्रम आहे. मुंबईत परळला असो, बार्शीत असो, की महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या एखाद्या रुग्णालयात असो, शस्त्रक्रिया, किमो आणि ‘लाइट’ (रेडिएशन) यांचा विचार त्या तुकड्याचा अहवाल हातात आल्यावरच होतो. गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का, हेही त्यातच कळतं. तशी असेल तर पुढची पाच-दहा वर्षं रोज एक गोळी घ्यायची असते, बऱ्याचदा टॅमॉक्सिफेनची, आणि ती या रोगावरच्या सगळ्यात स्वस्त औषधांपैकी आहे.